बर्लिनच्या बालवाडीत लेकीबरोबर मीही अडीच वर्षं काढली

पुण्यात असताना लेक अडीच वर्षांची झाली आणि आम्ही तिला सोसायटीजवळच्या एका प्लेग्रुपला घातलं. तिथे रोज एक वर्कशीट घरी यायचं, स्टँडिंग लाइन, स्लीपिंग लाइन, मग ठिपके जोडून ए. ती पेन्सिल मुठीत धरायची आणि मी तिची बोटं सरळ करत बसायचे. आई तेव्हा आमच्याकडे होती. ती एकदाच म्हणाली, "अगं तिच्या बोटांत अजून तेवढी ताकद नाही, तिला कणीक मळायला दे." मी ते कानाआड केलं. आईने तीस वर्षं डहाणू तालुक्यात बालवाडी चालवली होती, तिचं ट्रेनिंग कोसबाडच्या बालशिक्षण केंद्रातलं, शिक्षणतज्ज्ञ अनुताई वाघ तिथे असतानाचं, आणि तरी मला वाटलं की ते पाड्यावरच्या मुलांसाठी ठीक होतं, आता काळ वेगळा आहे. हे आज लिहिताना वाईट वाटतं, पण तेव्हा मनापासून तसंच वाटायचं.

मे २०२३ मध्ये नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही बर्लिनला आलो. इथे बालवाडीला किटा म्हणतात. वर्षाच्या पुढच्या प्रत्येक मुलाला जागा मिळण्याचा हक्क २०१३ पासून कायद्यातच आहे, पण जागा शोधायची आपणच. आधी युगेंडआम्ट नावाच्या सरकारी ऑफिसात अर्ज करायचा, तिथून गुटशाइन म्हणजे एक कूपन येतं, ते घेऊन किटा शोधत फिरायचं. मी वीसेक ठिकाणी मेल टाकले, बहुतेकांचं उत्तर वेटिंग लिस्ट. शेवटी वेडिंग भागात जागा मिळाली. बर्लिनमध्ये २०१८ पासून किटाला फी नाही, जेवणाचे महिन्याला २३ युरो भरायचे. गोवरच्या लसीचा पुरावा मात्र हवाच, मार्च २०२० पासून त्याचा कायदा आहे, त्यामुळे पुण्याचं लसीकरणाचं कार्ड जपून आणलं होतं ते कामाला आलं, एमआरचे (गोवर-रुबेलाचे) दोन्ही डोस तारखांसकट त्यात होते आणि डॉक्टरांनी ते इथल्या लसीकरणाच्या पिवळ्या पुस्तकात उतरवून घेतले. कोणी इकडे यायच्या तयारीत असेल तर ते कार्ड हँडबॅगेत ठेवा.

पहिल्या भेटीत मी विचारलं, अक्षरं कधी सुरू करता? तिथल्या ताईंनी (इथे मुलं त्यांना नावानेच हाक मारतात, पण घरी आम्ही ताईच म्हणतो) मला आत नेऊन भिंतीवरची ओळीने लावलेली हुकं दाखवली. प्रत्येक हुकावर एक चित्र. म्हणाल्या, तुमच्या मुलीचं हे, सशाचं, आधी तिला हे आपलं वाटू दे. मला ते उत्तर टाळल्यासारखं वाटलं.

मग आइनगेव्यॉनुंग, म्हणजे मूल रुळवणं. ह्याची इथे ठरलेली पद्धत आहे, तिला बर्लिन मॉडेलच म्हणतात. पहिले तीन दिवस आईने किंवा बाबाने मुलाबरोबर खोलीत बसायचं, साधारण तासभर, आणि दोघांनी मिळून घरी जायचं. आपण खेळवायचं नाही, फक्त कोपऱ्यात बसायचं, मूल आपल्याकडे आलं तर जवळ घ्यायचं आणि गेलं तर जाऊ द्यायचं. चौथ्या दिवशी पहिल्यांदा सांगून बाहेर जायचं, जास्तीत जास्त अर्धा तास, आणि तो चौथा दिवस सोमवार असेल तर मंगळवारवर ढकलतात कारण शनिवार रविवार घरी काढून आलेलं मूल सोमवारी हळवं असतं. न सांगता सटकायचं नाही, हे त्यांनी मला तीनदा सांगितलं. पुण्यात आम्ही तेच करायचो, तिचं लक्ष नाही बघून मागच्या मागे निघायचं, आणि ती मग दिवसभर दाराकडे बघत बसायची असं तिथल्या मावशी सांगायच्या. इथे मी तिच्यासमोर उभी राहून "आई बाहेर जाते, परत येते" म्हणाले, ती रडली, मी बाहेरच्या पॅसेजमध्ये बाकावर बसून रडले, आणि सात मिनिटांनी ताईंनी दार उघडून बोलावलं. दुसऱ्या दिवशी पंधरा मिनिटं. असं करत करत साडेतीन आठवडे गेले. तेवढे दिवस त्या खोलीत बसल्यामुळे मला जे बघायला मिळालं ते एरवी कधीच मिळालं नसतं.

उदाहरण सांगते. दोन मुलं, एक साधारण चार वर्षांचा तुर्की घरातला, एक युक्रेनहून आलेली मुलगी, दोघांना एकमेकांची भाषा येत नाही आणि जर्मन दोघांचं जेमतेम, आणि ते ठोकळ्यांचा पूल बांधत होते. पूल पडायचा. परत बांधायचे. परत पडायचा. मला इतकं वाटत होतं की उठून सांगावं, अरे खालचा ठोकळा आडवा ठेवा. ताई बाजूला बसून बघत होत्या, वहीत काहीतरी लिहीत होत्या, एक शब्द बोलल्या नाहीत. अर्ध्या तासाने त्या मुलीने आडवा ठोकळा ठेवला, पूल उभा राहिला आणि दोघांनी आपापल्या भाषेत ओरडून घेतलं. नंतर मी विचारलं की मदत का नाही केली, तर म्हणाल्या, कोणी मागितली नव्हती. वहीत काय लिहिलं तेही दाखवलं: किती वेळ टिकून राहिले, कोणी काय बदलून बघितलं, भांडण कसं मिटलं. शिकवणं त्या बघण्यातच चाललं होतं, ते मला कळायला आणखी बरेच महिने जायचे होते.

जेवणाचं सांगायला हवं, कारण माझी सगळ्यात मोठी काळजी तीच होती. लेक तीन वर्षांची झाली तरी मी तिला भरवायचे, मोबाइलवर गाणी लावून, काऊचा घास चिऊचा घास करत, एकेक जेवण तासभर चालायचं. किटात मुलं टेबलाभोवती बसतात, मध्ये भांडी, आणि डाव घेऊन स्वतः वाढून घेतात. किती घ्यायचं ते मुलाने ठरवायचं. नको असेल तर एक चवीचा चमचा घेऊन बघ म्हणतात, तोही नको असेल तर राहू दे. डुकराचं मांस तिथे कोणालाच देत नाहीत आणि शाकाहारी पर्याय रोज असतो, त्यामुळे ती चिंता नव्हती, पण जेवायला थांबू लागल्यावर पहिल्या आठवड्यात लेकीने चार दिवस फक्त बटाटा खाल्ला. मी ताईंना म्हटलं प्लीज तुम्ही भरवा. त्यांनी शांतपणे विचारलं, तिला भूक लागलेली कशी कळते? मला उत्तर देता येईना, कारण भूक लागायच्या आधीच मी घास घेऊन उभी असायचे. पाचव्या की सहाव्या दिवशी तिने स्वतः मसूरचं सूप वाढून घेतलं, अर्धं सांडलं, फडकं आणून पुसलं आणि उरलेलं प्यायली. मी कोपऱ्यातून बघत होते. घरी त्या रात्री मी मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवला. पुढचे दोन आठवडे घरी जेवणावरून भयंकर रडारड झाली ते खरं आहे, वजनाची धास्ती घेऊन मी डॉक्टरांकडेही गेले, त्यांनी वाढीचा आलेख दाखवून घरी पाठवलं. मग हळूहळू सुटलं.

सकाळची न्याहारी मात्र घरून डब्यात द्यायची. त्याचा नियम एकच, दुपारपर्यंत साखर नाही. मी पहिल्या दिवशी जॅम लावून पोळीचा रोल आणि दोन बिस्किटं दिली होती, डबा तसाच परत आला, आत चित्रांची एक चिठ्ठी, गाजर, काकडी, ब्रेड, चीज. मला आधी राग आला. आमच्या घरचं खाणं ह्यांना कळत नाही असं वाटलं. पण नियम पोळीबद्दल नव्हताच, जॅम आणि बिस्किटांबद्दल होता, हे डोकं शांत झाल्यावर लक्षात आलं. मग मुगाचं धिरडं, छोटी थालीपिठं, मोड आलेली मटकी वाफवून, असं द्यायला लागले आणि ते सगळं चाललं.

तरी थालीपिठावरून एक दिवस प्रसंग झालाच. एका मुलाने नाक धरलं आणि "वास येतो" म्हणाला, लेकीने डबा बंद केला आणि घरी येऊन मला म्हणाली ब्रेड दे. माझ्या पोटात खड्डा पडला. परदेशात वाढलेल्या कितीतरी मुलांकडून हे ऐकलं होतं, डब्याची लाज, आणि ते आपल्या घरात इतक्या लवकर येईल असं वाटलं नव्हतं. मी ताईंना सांगितलं. त्यांनी त्या मुलाला रागावून गप्प केलं नाही. सगळ्या आयांना घरून एकेक वासाची वस्तू द्यायला सांगितली. मी हिंग आणि जिरं दिलं, तुर्की आईने सुका पुदिना आणि सुमाक नावाचा आंबट मसाला, युक्रेनच्या आजीने शेपू, व्हिएतनामच्या बाबांनी चक्रीफूल, एका जर्मन आईने शहाजिऱ्याचा ब्रेड. छोट्या बरण्यांवर फडकी बांधून आठवडाभर वास ओळखायचा खेळ चालला. हिंगाला सगळ्यांनी नाकं मुरडली आणि तरी सगळ्यांना हिंगच पुन्हा पुन्हा हुंगायचा होता, लेक बरणी धरून रांग लावायची. पुढच्या सोमवारी तिने थालीपीठ मागून घेतलं. शेपू आम्हीही खातो हे त्या आजीला कळल्यावर ती मला बागेत भेटली की भाज्यांबद्दलच बोलते, खाणाखुणांनी.

दात घासणं किटातच, जेवण झालं की. इथे एक ठरलेला क्रम सगळ्या मुलांना शिकवतात, आधी चावायच्या बाजू, मग बाहेरच्या, मग आतल्या. वर्षातून दातांचे डॉक्टर येतात, मोठ्या दातांची मगर घेऊन, आणि मुलं आधी मगरीचे दात घासतात. हात धुताना गाणं, गाणं संपेपर्यंत फेस. नाक शिंकरून कागद स्वतः टाकायचा. ताप आला तर उतरल्यावर पूर्ण २४ तास घरी. पहिल्या हिवाळ्यात ती सारखी आजारी पडली, मी नोकरी शोधत होते आणि एकामागून एक इंटरव्ह्यू रद्द केले, तेव्हा खूप रडायला यायचं आणि इथे कोणी हाक मारण्यासारखं नव्हतं. हे सोपं होतं असं कोणी सांगू नये.

आणि माचहोज! चिखलात घालायची रबरी पँट, खांद्यावर पट्टे, खाली गमबूट, आणि पाऊस असो थंडी असो रोज बाहेर. हुंबोल्टहाइन बागेत पिवळी जॅकेटं घालून जोड्या जोड्यांनी जातात. चिखलात बसतात, खरोखर बसतात. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा सर्दी होईल म्हणून धावले होते. ती पँट स्वतः चढवायला तिला पंचवीस मिनिटं लागायची आणि सगळा गट तिच्यासाठी थांबायचा, कोणी घाई करत नाही, ह्याचं मला अजूनही अप्रूप आहे.

भाषेचं थोडक्यात. चार महिने ती किटात एक शब्द बोलली नाही. आम्ही घरी जर्मन बोलायला लागू का विचारलं तर त्यांनी स्पष्ट नको सांगितलं, घरी मराठीच बोला, भरपूर बोला, गोष्टी सांगा, ती पक्की झाली की जर्मन तिच्यावर उभी राहील. जानेवारीत घसरगुंडीपाशी कोणीतरी मध्ये घुसलं तेव्हा ती पहिल्यांदा ओरडली, "इश बिन ड्रान!" म्हणजे आता माझा नंबर. ताईंनी मला मुद्दाम थांबवून सांगितलं, त्यांचे डोळे भरले होते.

त्याआधीच्या नोव्हेंबरात कंदिलांचा सण झाला. ११ तारखेला सेंट मार्टिनचा दिवस असतो, मुलं कागदी कंदील करून संध्याकाळी गाणी म्हणत फिरतात, त्या वर्षी ११ ला शनिवार होता म्हणून किटाने शुक्रवारी ठेवलं, आणि तो शुक्रवार म्हणजे आमची धनत्रयोदशी! मी आदल्या आठवड्यात जाऊन मुलांबरोबर आकाशकंदील केला, जिलेटीन पेपर आणि खाली झिरमिळ्या. अंधारात सत्तर-ऐंशी कंदील रस्त्याने चालले होते आणि त्यात एक आपला. मला त्या दिवशी बर्लिन पहिल्यांदा आपलं वाटलं.

आता खेळण्यांची सुट्टी. २०२५ च्या फेब्रुवारीत पालकसभेत सांगितलं की तीन महिने किटातली सगळी खेळणी बाहेर काढणार. हा प्रकल्प १९९२ मध्ये बव्हेरियात सुरू झाला, आणि मूळ हेतू पुढे व्यसन लागू नये हा, म्हणजे मुलं मोठी झाल्यावर कंटाळा आला, मन उदास झालं की लगेच बाहेरची वस्तू शोधू नयेत, आपलं आपण काही करता यावं, मदत मागता यावी, ह्याची तयारी लहानपणापासून. मी हात वर करून विरोध केला. म्हटलं, अक्षरं नाहीत, अंक नाहीत, आता खेळणीही नाहीत, मग करणार काय? एका सीरियन बाबांनीही तेच विचारलं, ते म्हणाले आमच्या मुलांनी आधीच खूप काही सोडून दिलंय. सभा शांत झाली. ताईंनी त्यांचं म्हणणं मनावर घेतलं, त्यांच्या मुलाचं कापडी अस्वल त्याच्याजवळच राहील असं तिथल्या तिथे ठरलं. मुलांनी स्वतः खेळणी खोक्यात भरली, सुट्टीवर पाठवतोय म्हणून टाटा केला.

आई मार्चमध्ये आली, नव्वद दिवसांच्या व्हिसावर. तोवर पहिल्या दोन आठवड्यांचा गोंधळ संपला होता. किटाने आजीआजोबांना सकाळी यायला सांगितलं होतं, मी तिला घेऊन गेले. खोलीत फक्त खुर्च्या, गाद्या, चादरी, दोऱ्या. चादरींचं जहाज झालं होतं, खुर्च्या उलट्या करून त्यात मुलं बसली होती, लेक कप्तान, आणि तिकीट म्हणून एकेकाचे दोन्ही मोजे घेत होती. मोजे ती मोजत होती. बारा मोजे, म्हणजे सहा माणसं, आणि एक मोजा कमी पडल्यावर "एकाने अर्धंच तिकीट दिलंय" म्हणाली. मी वर्कशीटवर कधी दोनाचा पाढा आणला नव्हता. आई दारात उभी राहून बघत होती, बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "आमच्याकडे होडी करवंटीची होती एवढाच फरक."

त्या रात्री ती पहिल्यांदा मला तिच्या कामाबद्दल सविस्तर बोलली, म्हणजे मी पहिल्यांदा ऐकलं. ताराबाई मोडकांनी १९४५ ला बोर्डीत काम सुरू केलं, नंतर ते कोसबाडला गेलं, माँटेसरीची महागडी साधनं परवडणारी नव्हती म्हणून शंख, शिंपले, बिया, बांबू, जे गावात मिळेल त्यातून साधनं केली. मुलं शाळेत येत नाहीत म्हणून शाळाच त्यांच्या अंगणात नेली, गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात. आई सकाळी मुलांची नखं कापायची, डोक्याला तेल, हातपाय धुणं, आणि मग गाणी. "स्वच्छता हा आमचा पहिला तास होता," म्हणाली, "तुझ्या पोरीचं ते फेसाचं गाणं, तेच ते." मी तिला प्लेग्रुपबद्दल सॉरी म्हटलं. ती म्हणाली, "कणीक मळतेय ना आता?"

तिला जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रोबेलचं गाव बघायचं होतं, ट्रेनिंगमध्ये त्याच्यावर प्रश्न असायचा. बाड ब्लांकेनबुर्ग, थुरिंगियात, बर्लिनहून गाड्या बदलत जायला अर्धा दिवस लागतो. १८४० मध्ये त्याने तिथेच किंडरगार्टन हा शब्द दिला, मुलांची बाग. आणि १८५१ ते १८६० प्रशियात ह्याच किंडरगार्टनवर बंदी होती, त्यातून नास्तिकता आणि समाजवाद पसरेल असं सरकारला वाटलं होतं, हे आईने मला सांगितलं, तिच्या पाठ होतं. म्युझियममध्ये त्याचे लाकडी गोळा, घन आणि दंडगोल आहेत. पुस्तकातल्या आकृत्या ती पन्नास वर्षांपूर्वी वहीत काढायची, त्यांच्यासमोर खूप वेळ उभी राहिली. मी तिचा फोटो काढला, त्यात ती रडलेली दिसते म्हणून तिने कोणाला दाखवू दिला नाही.

जूनमध्ये परत जायच्या आधी तिने किटाच्या अंगणात मुलांना खड्यांचे सागरगोटे आणि लंगडी शिकवली. मराठीतच शिकवली. अजून खेळतात, लंगडीला लांगडी म्हणतात.

सगळंच मला पटलंय असं नाही. आजारी मुलांच्या बाबतीत नोकरी करणाऱ्या आईबापांचा विचार आणखी व्हायला हवा, ताई कमी आहेत आणि त्यातली एक सुट्टीवर गेली की दुपारी लवकर न्यायला या म्हणून फोन येतो. आणि दुपारच्या झोपेवरून आमचे मतभेद अजून आहेत.

ह्या ऑगस्टमध्ये लेक शाळेत जाईल. त्याआधी प्रत्येक मुलाची आरोग्य खात्याकडून तपासणी होते, आमची जानेवारीत झाली. डोळे, कान, माणसाचं चित्र, थोडी मोजणी, आणि मग डॉक्टर म्हणाल्या एका पायावर उड्या मार बघू. लेकीने पाय मुडपून धरला आणि निघाली, टेबलाला वळसा घालून, दाराला हात लावून, वजनकाट्याला वळसा घालून परत, डॉक्टर पुरे म्हणाल्या तरी थांबेना, कारण लंगडीत मध्ये पाय टेकला तर बाद. संध्याकाळी आईला व्हिडिओ कॉलवर सांगितलं. तिने मार्क वगैरे काही विचारले नाहीत. "मोजे काढले होते ना गं," म्हणाली, "गुळगुळीत फरशी असते तिथे."